पद्मिनीत जिप्सीचं इंजिन: एका बसवणीचा पूर्ण हिशोब

गाडी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. शिरोळ भागातल्या एका शेतकरी घरात आजोबांनी घेतलेली, शेवटची अकरा वर्षं गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी. नातू माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या खिशात दीड लाखाचं बजेट होतं आणि मोबाईलमध्ये परदेशातल्या जुन्या गाड्यांचे शंभरेक व्हिडिओ. "काका, बॉडी हीच ठेवायची, इंजिन नवीन घालायचं. जमंल का?" एवढाच त्याचा प्रश्न होता.

जमतं. माझं गॅरेज कोल्हापुरात उद्यमनगरच्या अलीकडे आहे. हाकेच्या अंतरावर लेथ, मिलिंग, फाउंड्री सगळं आहे, त्यामुळे लोखंडाचं काम इथे अडत नाही. पण या एका गाडीत साडेचार महिने गेले, बजेट छत्तीस हजारांनी ओलांडलं, आणि त्यातला इंजिनावरचा खर्च एक तृतीयांशच होता. बाकीचे दोन तृतीयांश कुठे गेले हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून हा सगळा हिशोब मांडतो आहे.

आधी कायदा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवर कंपनीने दिलेली जी माहिती असते तिच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. मान्यताप्राप्त किटने सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी नेण्याला त्यात वाट ठेवली आहे. दुसऱ्या कंपनीचं, वेगळ्या सीसीचं पेट्रोल इंजिन त्या वाटेत बसत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेबाहेरचे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबरच बघते.

मी हे त्या पोराला पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितलं. त्याला गाडी ऑटोक्रॉससाठी हवी होती, म्हणजे बंद मैदानावर, मातीच्या ट्रॅकवर, घड्याळाशी शर्यत. मग असं ठरलं की गाडी टेम्पोत घालून मैदानावर न्यायची आणि टेम्पोतच परत आणायची, सार्वजनिक रस्त्यावर एक फूटही चालवायची नाही. आणि मूळ इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट काहीही विकायचं नाही. मूळ बॉडीला कायमचा काप फक्त एकाच जागी, तोही झाकता येईल असा. या अटी मान्य नसत्या तर मी पान्याला हात लावला नसता.

कुठलं इंजिन

जुन्या बॉडीत नवं इंजिन घालण्याची कल्पना आपल्याकडे कंपन्यांनीच रुजवली. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई आणली ती फियाट १२४ च्या घडणीची बॉडी आणि आत निसानचं ११७१ सीसीचं ए१२ इंजिन. एनई म्हणजे निसान इंजिनच. हिंदुस्तान मोटर्सने काँटेसातलं म्हातारं १४८९ सीसी काढून इसुझूचं १८१७ सीसी घातलं आणि गाडीचा जन्मच बदलला. नवी गाडी उभी करायला पैसा नसेल तर जुन्या अंगात नवं काळीज घालायचं, हे कंपन्यांचंही गणित होतं.

पद्मिनीचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस बीएचपीच्या आसपास. इंजिन लांबीत उभं, ड्राइव्ह मागच्या चाकांना. त्यामुळे एस्टीमचं इंजिन, जे भंगारात सगळ्यात स्वस्त मिळतं, ते पहिल्यांदा बाद. ते आडवं बसतं आणि त्याचा गिअरबॉक्स पुढच्या चाकांसाठी. पोराचा जीव ईकोच्या इंजिनावर होता. ते मागच्या चाकांचं आहे, गिअरबॉक्सही जोडीला येतो, पण सीटखाली मावावं म्हणून कंपनीने ते कलतं बसवलेलं असतं. चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) आणि आतली तेल ओढायची नळी त्या कलाच्या हिशोबाने. सरळ उभं केलं की चेंबर नवीन बनवणं आलं. ११८ एनईचं इंजिन पद्मिनीत घालणारे जुने लोक मला माहीत आहेत, आणि ते काम सुबक होतं, पण आज चांगल्या अवस्थेतलं ए१२ शोधायचं आणि त्याचे पार्ट जमवायचे म्हणजे एक म्हातारा काढून दुसरा म्हातारा घरात आणल्यासारखं.

उरली जिप्सी. मारुतीने जिप्सी ९७० सीसीवर सुरू केली, पुढे जिप्सी किंगमध्ये १२९८ सीसी आलं आणि २००० पासून तेच सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारं) झालं, ८० बीएचपीचं. सरळ उभं, लांबीत बसणारं, पाच गिअर. ब्लॉकसुद्धा ॲल्युमिनियमचा. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, त्यामुळे ताकद दुप्पट होऊनही नाकावरचं वजन वाढत नाही. सुटे भाग आजही कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतात.

आम्ही मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन दिवस घालवले, पण शेवटी सौदा सांगलीकडच्या एका अपघातात मोडलेल्या जिप्सीचा झाला. इंजिन, गिअरबॉक्स, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग आणि चावी असा संच, बासष्ट हजार. दोन गोष्टींवर मी अडून बसलो. एक म्हणजे इंजिन नंबर टाकलेलं पक्कं बिल आणि मूळ आरसीची झेरॉक्स. चोरीचं इंजिन गॅरेजात निघालं तर धंदाच बसतो. दुसरं, वायरिंग एकही तार न तोडता, सगळ्या सॉकेटसकट. भंगारवाला कटर घेऊन घाईने तारा छाटतो. त्या छाटलेल्या तारा जोडायला नंतर जो वेळ जातो त्यात गाडीचं अर्धं काम होतं. ईसीयूला चावीचं लॉक असेल तर ती चावी आणि तिचं युनिट बरोबर आलंच पाहिजे, नाहीतर हातात नुसता डबा राहतो.

माप

इंजिन आल्या दिवशी पोराला ते लगेच गाडीत टाकायचं होतं. मी आठवडाभर टाकू दिलं नाही. आधी कॉम्प्रेशन बघितलं, चारही सिलिंडर जवळजवळ सारखे. मग टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, मागचं क्रँक ऑइल सील, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवं. इंजिन जमिनीवर असताना सील बदलायला तासभर लागतो, गाडीत बसल्यावर दोन दिवस. या वस्तूंना साडेसतरा हजार गेले, आणि यातला एक रुपयाही मला जास्त वाटत नाही.

मापासाठी एक युक्ती वापरली. माझ्याकडे त्याच जातीच्या इंजिनाचा फुटका रिकामा ब्लॉक पडून होता. त्याला गिअरबॉक्सचं रिकामं घर जोडलं की दोन माणसं सहज उचलतात. पद्मिनीचं बोनेट काढून हा सांगाडा आम्ही दिवसभर आत-बाहेर करत होतो. पुढच्या सस्पेन्शनचा आडवा पट्टा, स्टिअरिंग बॉक्स, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आणि खालचा बोगदा (गिअरबॉक्सवरचा फुगीर पत्रा), या चार जागी इंजिनाची भांडणं होतात. लाकडी पाचरी लावून ते मनासारखं बसलं, तेव्हा रेडिएटरपर्यंत चार बोटं जागा राहिली. म्हणजे इंजिनावरचा मूळ पंखा ठेवता येणार नव्हता, इलेक्ट्रिक पंखा लावावा लागणार हे त्याच दिवशी कळलं. भरलेलं इंजिन चेनपुलीला टांगून ही मापं घेतली असती तर एकतर कुणाचं बोट गेलं असतं किंवा कंटाळून "चालतंय की" म्हटलं असतं.

फाउंडेशन, म्हणजे इंजिन धरणारे ब्रॅकेट, आम्ही सहा मिलीच्या प्लेटमधून कापले, रबर जिप्सीचेच ठेवले, आणि पद्मिनीच्या मूळ बोल्टांच्या भोकांनाच धरले. गिअरबॉक्सखाली नवा क्रॉसमेंबर, तोही बोल्टावर. कायमचा काप म्हणजे बोगद्यावरचं एक भोक, कारण पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आणि जिप्सीचा खाली, मध्ये. ते कापताना पोरगा बाहेर जाऊन उभा राहिला. त्याच्या आजोबांची गाडी होती, मला समजू शकत होतं. कापलेला पत्रा तेल लावून, कागदात गुंडाळून त्याच्याच हातात दिला.

चार चाकं ओढणाऱ्या जिप्सीत गिअरबॉक्सच्या मागे वेगळा ट्रान्सफर केस असतो. आम्हाला तो नको होता. तो काढल्याचे दोन परिणाम झाले. एक चांगला: त्या केसमध्ये हाय रेंजलाही सुमारे १.४ पटीने फेरे कमी होतात, ते टळलं. त्यामुळे पद्मिनीच्या मागच्या ॲक्सलला आणि चौदा इंची चाकांना गिअर नीट जुळले. दुसरा वाईट: स्पीडोमीटरची केबल त्या केसमधूनच निघते. ती जागाच गेली.

शाफ्ट

या कामात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते प्रोपेलर शाफ्टने, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या लांब दांड्याने.

मूळ दोन तुकड्यांचा शाफ्ट आणि मधलं बेअरिंग काढून आम्ही एकच अखंड शाफ्ट करायचं ठरवलं. पुढच्या बाजूला जिप्सीच्या गिअरबॉक्सला बसणारा फ्लँज (बोल्टाने जोडायची चकती) आणि सरकती स्प्लाइन (खाचांचा मागेपुढे सरकणारा सांधा), मागे पद्मिनीच्या डिफरन्शियलला बसणारा फ्लँज, मध्ये नवी नळी. माप घेऊन बाहेर करायला दिला. बसवला, गॅरेजमागच्या आवारात गाडी पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर हलली तेव्हा पोराने बोनेटला हात लावून नमस्कार केला. पण त्यांच्या शेतातल्या लांब वाटेवर घेऊन गेलो आणि पंचावन्नच्या पुढे गेलो (मोबाईलवर वेग बघत होतो) तशी सीटखालून घरघर सुरू झाली. साठला आरसा दिसेनासा झाला.

तीन दिवस चुकीच्या जागी शोधत होतो. टायर बॅलन्स केले. फाउंडेशनचे रबर बदलले. इंजिन जागेवर पाच हजार फेऱ्यांना फिरवलं तर अगदी शांत. म्हणजे दोष गिअरबॉक्सच्या मागेच.

चौथ्या दिवशी शाफ्ट उतरवून पलीकडच्या लेथवाल्या मामांकडे नेला. त्यांनी तो काही फिरवून बघितला नाही. लेथच्या बेडवर दोन व्ही-ब्लॉकवर आडवा ठेवला, पुढच्या योकचे (टोकावरच्या दुबेळक्याचे) दोन कान लेव्हल लावून अगदी आडवे केले आणि मग तीच लेव्हल मागच्या योकच्या कानांवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन टेकला. मामा म्हणाले, "हे बघ. दोन कान एकमेकांकडं बघतच न्हाईत."

क्रॉस (योकच्या कानांत बसणारा अधिक चिन्हासारखा सांधा) वाकलेल्या कोनात फिरतो तेव्हा पुढचा भाग सारख्या गतीने फिरत असला तरी मागचा भाग प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच चूक उलटी करून ती पुसून टाकतो. पण त्यासाठी दोन्ही योकचे कान एकाच पातळीत हवेत. आमच्या शाफ्टमध्ये वेल्डिंग करताना मागचं टोक दहाएक अंशांनी फिरलं होतं. चूक पुसली जाण्याऐवजी थोडी शिल्लक राहत होती आणि वेगाबरोबर तीच गाडी हलवत होती. मामांनी वेल्ड कापला, नळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ कोरली, त्या रेघेवर दोन्ही योक जुळवून चार टाके मारले, पुन्हा लेव्हल बघितली आणि मगच पूर्ण वेल्ड केला. मग डायनॅमिक बॅलन्सिंग.

घरघर ऐंशी टक्के गेली. उरलेली फक्त ॲक्सिलरेटर सोडताना येत होती. ती कोनाची होती. गिअरबॉक्सचं शेपूट साडेतीन अंश खाली झुकलेलं, आणि डिफरन्शियलच्या पिनियनचं (शाफ्ट जिथे मागे जोडला जातो त्या दांड्याचं) नाक जेमतेम एक अंश वर. दोन्ही रेषा समांतर असायला हव्यात. पण मागे पाटे असलेल्या गाडीत जोर लावला की पाटा पिळतो आणि पिनियनचं नाक आणखी वर उठतं. म्हणून उभ्या गाडीत ते एक अंश कमीच ठेवायचं. दीड अंशाच्या लोखंडी पाचरी पाट्यांखाली घातल्या आणि आवाज बंद. दोन वेळच्या शाफ्टचे मिळून साडेनऊ हजार झाले.

शाफ्ट करायला देताना मी लांबी दिली, फ्लँजचं माप दिलं, पण "कान एका पातळीत" हे लिहून दिलं नव्हतं. आता कागदावर चित्र काढून देतो.

पेट्रोल आणि तारा

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल नुसतं वर चढलं की भागतं. एमपीएफआयला अडीच-तीन किलो प्रेशर लागतं आणि वापरून उरलेलं पेट्रोल टाकीत परत यायला दुसरी लाइन लागते. जुना रबरी होज या प्रेशरला फुगतो आणि गरम इंजिनावर फुटला तर गाडी पेटते. म्हणून पूर्ण लाइन नवी, एमपीएफआयचाच होज, त्याच्याच क्लिपा. पद्मिनीच्या टाकीत आत पंप बसवायला तोंड नाही, म्हणून बाहेर एक साधा पंप टाकीतून दीड लिटरच्या छोट्या डब्यात पेट्रोल ओततो आणि त्या डब्यातून मोठा पंप इंजिनाला देतो. हा डबा नसता तर ऑटोक्रॉसच्या वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जाऊन इंजिनाने दम टाकला असता. साडेतेरा हजार.

वायरिंगमध्ये एकच गोष्ट छळत राहिली. चावी फिरवली की सेल्फ जोरात फिरे, पण इंजिन घेत नसे. चावी सोडली की त्या क्षणी एक झटका मारून बंद. दोन संध्याकाळी त्यात गेल्यावर टेस्ट लॅम्प घेऊन पोरानेच पकडलं. पद्मिनीच्या स्विचच्या ज्या टोकावरून आम्ही ईसीयूला करंट घेतला होता, ते टोक सेल्फ फिरत असताना मरत होतं. म्हणजे इंजिनाला जेव्हा ठिणगी हवी तेव्हाच ईसीयू झोपलेला. वेगळा रिले घालून दोन्ही स्थितीत करंट दिला आणि पहिल्या अर्ध्या फेरीत इंजिन लागलं. त्या दिवसापासून तो तारांना भीत नाही.

थंडाव्याचं थोडक्यात: नवा ॲल्युमिनियम रेडिएटर, एस्टीमचा इलेक्ट्रिक पंखा, थर्मोस्टॅट जागेवर. पाणी भरताना गाडीचं नाक जॅकवर वर घेऊन हवा काढली. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला तीन जणांनी दिला. मी तो मानला नाही, कारण इंजिन गार राहिलं तर ईसीयू थंड इंजिनाच्या हिशोबाने जास्त पेट्रोल ओततच राहतो.

ब्रेक

चाळीसच्या गाडीत ऐंशी घोडे घातले, पण चारही चाकांना ड्रमच, आणि या गाडीत ब्रेकची लाइन एकाच सर्किटची. एक नळी फुटली की चारही चाकं गेली. पोराचे पैसे इथे संपत आले होते आणि तो म्हणाला, "ब्रेक पुढच्या सीझनला करू." मी म्हटलं, मग इंजिनही पुढच्या सीझनला चालू करू. त्याने वडिलांकडून पैसे आणले.

ऑम्नीचा बूस्टर आणि दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर लावला, पुढची आणि मागची लाइन वेगळी केली, सगळे पाइप, होज, व्हील सिलिंडर, लायनर नवे. पहिल्या मास्टरचा बोअर मोठा पडला, पेडल दगडासारखं लागत होतं, म्हणून लहान बोअरचा घेतला. पद्मिनीचे व्हील सिलिंडर मिळवायला महिना गेला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून हे सामान ठेवणारी दुकानं एकेक करून हात वर करत आहेत. ज्यांच्याकडे पद्मिनी आहे त्यांनी ब्रेकचं सामान मिळेल तिथून आत्ताच घेऊन ठेवा. एकूण साडेसव्वीस हजार, म्हणजे इंजिनाच्या संचानंतर सगळ्यात मोठी रक्कम हीच.

बेरीज

इंजिन संच ६२,०००. सील, बेल्ट, पंप, क्लच १७,५००. फाउंडेशन, क्रॉसमेंबर, लेथ आणि वेल्डिंग २१,०००. शाफ्ट ९,५००. पेट्रोल लाइन आणि पंप १३,५००. रेडिएटर आणि पंखा ११,०००. रिले, तारा, सॉकेट ८,०००. ब्रेक २६,५००. सायलेन्सर ६,०००. आणि नट-बोल्ट, तेल, कूलंट, टेम्पोभाडं असं सुटं सुटं ११,०००. सगळे मिळून १,८६,०००. यात माझी मजुरी धरलेली नाही, ती आम्ही वेगळी ठरवली. रोल केज, रेसिंग सीट, बेल्ट आणि आग विझवायचा सिलिंडर यांचंही बिल वेगळं, आणि ते झाल्याशिवाय मैदानावर जायचं नाही असं ठरलं आहे.

कुणी माझ्याकडे दीड लाख घेऊन आलं तर आता मी त्यातलं पन्नास हजारांचं इंजिन शोधायला सांगतो. साठ-सत्तरचं इंजिन घेऊन बाकीचं "बघू नंतर" म्हणणाऱ्याची गाडी कुठे उभी राहते ते मी गेल्या दहा वर्षांत चार आवारांत पाहिलं आहे. इंजिन टांगलेलं, बोनेट भिंतीला टेकवलेलं, आणि सीटवर कोंबड्या.

आजची स्थिती अशी: शेतातल्या सहाशे मीटरच्या वाटेवर गाडी चौथ्या गिअरपर्यंत स्वच्छ जाते, तापमान जागेवर राहतं, ब्रेक सरळ रेषेत लागतात. स्पीडोमीटर बंद आहे. ईसीयूला वेगाचा सिग्नल मिळत नसल्याने चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लागतो. मागच्या फ्लँजवर सेन्सर बसवून त्याचा उपाय करायचा आहे. दुसरा गिअर थंडीत जरा अडतो, त्याची सिंक्रो रिंग मागवली आहे. मूळ इंजिन शेडमध्ये लाकडी पेटीत आहे. सिलिंडरमध्ये तेल सोडलं आहे, तोंडं कापडाने बंद केली आहेत, आणि बोगद्याचा कापलेला पत्रा त्याच पेटीत वर ठेवला आहे. महिन्यातून एकदा पोरगा पेटी उघडून क्रँक हाताने अर्धा फेरा फिरवून येतो.